माप कुणाच्या हाती?

जुलै उजाडला की आमच्या कळंब्यात सकाळी दोन चौकशा होतात. पहिली तलावाची: पाणी सांडव्याला लागलं का? एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा तलाव भरला की गावाचा जीव भांड्यात पडतो. दुसरी चौकशी शहराच्या पार पलीकडच्या टोकाची, कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याची: पंचगंगा आज किती फुटांवर? दूधवाला, रिक्षावाला, शाळेला निघालेली पोरं, सगळ्यांच्या तोंडी फूट आणि इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. याच आकड्यावर नदीकाठचा शेतकरी जनावरं हलवतो, दुकानदार माल माळ्यावर चढवतो आणि शिरोलीचा कारखानदार गाडी आजच काढायची की थांबायचं ते ठरवतो. हा आकडा कुणी विकत घेत नाही आणि त्यावर कुणी वादही घालत नाही. बंधाऱ्यावरची मोजपट्टी सगळ्यांची आहे.

ती मोजपट्टी मला हल्ली वारंवार आठवते, ती एका फॉर्ममुळं. आमच्या गल्लीत राहणाऱ्या अण्णांची गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. ते एका रविवारी कागद घेऊन आले. "सर, जरा बघा की ह्ये. गिऱ्हाइकाकडनं आलंय." त्यांच्याकडून कास्टिंग घेणाऱ्या कंपनीनं विचारलं होतं: एक टन कास्टिंगमागं कार्बन उत्सर्जन किती? पिग आयर्न किती, भंगार किती? वीज कुठली? अण्णांनी पिशवीतून विजेची बिलं काढली, भंगाराच्या पावत्या काढल्या. "कागद सगळं हायत माझ्याकडं. पण ह्यो आकडा काढायचा कसा? आणि मी काढला, तर त्यो खरा धरणार कोण?"

हवामानबदल, उद्योगांवरचे निर्बंध आणि त्यांचा अर्थकारणावरचा परिणाम यांवर पुष्कळ लिहिलं जातं. पण कोल्हापूरसारख्या लघुउद्योगांच्या गावात सगळा विषय अण्णांच्या या दोन प्रश्नांत मावतो. माझं म्हणणं असं: औद्योगिक कार्बन उत्सर्जनावर सरकारी नियमन हवंच, आणि ते मागण्यात छोट्या कारखानदारानं पुढं असलं पाहिजे. कारण कार्बनची किंमत नियम नसला तरी चुकत नाही. ती फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीत आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर चढते. मात्र या नियमनाचा पाया सार्वजनिक मोजमापाचा हवा. माप ज्याच्या हाती, बाजार त्याच्या हाती.

आधी किंमत चुकत नाही म्हणजे काय ते पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. "असला पूर पुन्हा आयुष्यात बघायला नको," असं लोक म्हणाले, आणि दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, ती ५६ फुटांच्या पुढं गेली. दोन्ही वेळा पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. तयार माल कारखान्यात अडकला, कच्चा माल वाटेत अडकला, कामगार गावात अडकले. एका पुरासाठी एका धुराड्याकडं बोट दाखवता येत नाही आणि तसं करूही नये. नदीपात्रातली बांधकामं, भराव, धरणांच्या विसर्गाचं नियोजन ही कारणं आपल्या घरचीच आहेत. पण हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. हे पुस्तकातलं भौतिकशास्त्र घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखं कोसळू लागलं की त्याचं बिल पंचगंगेकाठच्या घरात, गोठ्यात आणि वर्कशॉपमध्ये येतं. त्या बिलावर कार्बनचा रकाना नसतो, एवढाच काय तो फरक. ज्यानं धूर सोडला त्याच्या ताळेबंदात ही रक्कम दिसत नाही. ती भिजलेल्या मोटारी आणि बुडालेल्या मजुरीच्या रूपानं भलत्यांनीच भरलेली असते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. आपल्या भाषेत, खाल्लं एकानं आणि भरलं दुसऱ्यानं.

नियमन म्हणजे हा खर्च योग्य वहीत लिहिण्याची व्यवस्था. भारतानं त्याची सुरुवात उशिरा केली असं म्हणता येणार नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारनं कोळशावर टनामागं ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. पुढं तो १००, मग २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. जगात फार थोड्या विकसनशील देशांनी असं पाऊल उचललं होतं. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी वापरायचा, असं ठरलं होतं. पण त्यातला मोठा हिस्सा त्या कामापर्यंत पोचलाच नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर उपकराची रक्कम राज्यांच्या नुकसानभरपाईकडं वळवण्यात आली. कोळसा महागला, वीज महागली, तो भार फाउंड्रीवाल्यानंही सोसला. पण त्या पैशातून त्याच्या भट्टीला स्वच्छ वीज मिळाली नाही. छोट्या उद्योजकाला सरकारी पर्यावरण धोरणाबद्दल जो अविश्वास वाटतो, त्याचं मूळ अशा अनुभवांत आहे. तो अविश्वास दूर न करता नवा नियम आणला तर तोही आणखी एक वसुली म्हणूनच पाहिला जाईल.

दुसरा प्रयत्न २०१२ मध्ये सुरू झाला. औष्णिक वीज, सिमेंट, पोलाद, कागद अशा ८ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचं लक्ष्य देण्यात आलं. जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रं मिळणार, कमी पडणाऱ्यानं ती बाजारातून विकत घ्यायची. पहिल्या ३ वर्षांत लक्ष्य होतं सुमारे ६७ लाख टन खनिज तेलाएवढी ऊर्जा वाचवण्याचं. वाचली सुमारे ८७ लाख टनांएवढी. सरकारी हिशेबानुसार ३ कोटी १० लाख टन कार्बन डायऑक्साइड टळला. "नियम आला की कारखाने बंद पडतात" या समजाला हे चोख उत्तर आहे. पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. लक्ष्य सैल असल्यानं ३८ लाखांहून अधिक प्रमाणपत्रं वाटली गेली आणि विकत घेण्याची गरज होती जेमतेम १४ लाखांची. ज्यानं पदरचे पैसे घालून बचत केली त्याच्या हातात गिऱ्हाईक नसलेले कागद उरले. युरोपनंही हीच चूक केली होती. तिथला कार्बन बाजार २००५ मध्ये सुरू झाला. उत्सर्जनाचे परवाने गरजेपेक्षा जास्त वाटल्यामुळं २००७ मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. मग त्यांनी परवाने आवळले, नियम घट्ट केले, आणि आज त्या बाजाराखालच्या वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं आहे.

आता भारताचा तिसरा प्रयत्न चालू आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद-लगदा या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना पहिली लक्ष्यं मिळाली. आपल्याकडं चंद्रपूरच्या पट्ट्यातल्या सिमेंटसारख्या उद्योगांना याची झळ पहिल्यांदा लागणार. या लक्ष्यांत एकूण धुरावर मर्यादा नाही. एक टन मालामागं किती उत्सर्जन, ते कमी करायचं आहे. म्हणजे उत्पादन वाढवायला मोकळीक, पण प्रत्येक टन आधीपेक्षा स्वच्छ हवा. लक्ष्य चुकलं आणि क्रेडिटही घेतलं नाही, तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई. वाढत्या देशाला ही रचना शहाणपणाची आहे असं मला वाटतं. एक मोठी फट मात्र राहून गेली आहे, तिच्याकडं नंतर येतो.

अण्णांची फाउंड्री या २८२ मध्ये नाही, आणि नजीकच्या काळात येणारही नाही. मग त्यांच्या दारात फॉर्म कसा आला? तो दोन वाटांनी आला. एक वाट मुंबईची: सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वात मोठ्या १००० कंपन्यांना पर्यावरणाविषयीची माहिती जाहीर करावी लागते, त्यामुळं त्या आता आपल्या पुरवठादारांकडंही आकडे मागू लागल्या आहेत. दुसरी वाट ब्रसेल्सची. युरोपीय संघानं १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात मालातल्या कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे मोजण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्यासह पाइप फिटिंग, नट-बोल्ट यांच्यासारख्या वस्तू यादीत आहेत. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. वाहनांचे सुटे भाग या पहिल्या यादीत नव्हते. पण यादी वाढवत नेण्याची दिशा युरोपनं लपवलेली नाही. कोल्हापूरच्या भट्टीत ओतलेला माल पंप, ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या पोटात बसून जगभर जातो. हा फॉर्म आज ना उद्या प्रत्येक भट्टीपर्यंत पोचणार.

या युरोपीय कराबद्दल आपल्याकडं संताप आहे आणि तो रास्त आहे. दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून ज्यांनी समृद्धी कमावली, त्यांनी आज दुसऱ्यांच्या मालावर कार्बनचा कर बसवावा, हे न्यायाला धरून नाही. भारतीय माणसाचं सरासरी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर हा मुद्दा भारतानं ठासून मांडलाच पाहिजे. पण युरोपच्या त्याच कायद्यात एक कलम आहे, ते प्रत्येक कारखानदारानं लक्षात ठेवावं. माल बनवणाऱ्या देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल, तर तेवढी रक्कम युरोपात वजा होते. म्हणजे आपण इथं किंमत लावली नाही, तर ती वाचत नाही. ती युरोपच्या तिजोरीत जाते. इथं लावली, तर तोच पैसा चंद्रपुरात, जमशेदपुरात किंवा गोकुळ शिरगावात भट्ट्या सुधारायला वापरता येतो. पैसा जाणारच असेल, तर तो आपल्याच शिवारात का मुरू नये?

आता अण्णांच्या भट्टीजवळ जाऊ, कारण नियम कुठं बरोबर लागतो आणि कुठं चुकतो ते तिथं दिसतं. एके काळी कोल्हापूरच्या बहुतेक फाउंड्रीत क्युपोला असायची. वरून कोक आणि लोखंडाचे थर टाकायचे, खालून ब्लोअरची हवा, आणि धुराड्यातून काळा लोट. ऑइल इंजिनांच्या जमान्यात उद्यमनगरची ओळखच ती होती. प्रदूषणाचे नियम आले, मालाच्या दर्जाची मागणी वाढली, आणि हळूहळू अनेकांनी इंडक्शन फर्नेस बसवल्या. आता भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं तर १४५० अंशांच्या पुढं तापलेलं, पांढरट पिवळं लोखंड दिसतं. लॅडल पुढं सरकते, मोल्डर साचे भरत जातात, ठिणग्या उडतात, पण आकाशात काळा लोट नाही. आसपासच्या वस्तीला याचा मोठा फायदा झाला. नियमनाचं हे खरंखुरं यश आहे.

कार्बनचं गणित मात्र वेगळं निघतं. क्युपोलात एक टन लोखंड वितळवायला सुमारे १२० किलो कोक धरला, तर त्यातून साधारण ३७० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इंडक्शन फर्नेसला त्याच कामासाठी सुमारे ६०० युनिट वीज लागते. देशाच्या विजेत कोळशाचा वाटा एवढा मोठा आहे की एका युनिटमागं सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे झाले ४२० किलो. आकडे भट्टीगणिक थोडे खालीवर होतील, पण निष्कर्ष ढळत नाही: गोकुळ शिरगावचं धुराडं बंद झालं, आणि तेवढाच किंवा थोडा अधिक धूर कोराडी, चंद्रपूर, परळीच्या धुराड्यांतून निघू लागला. अण्णांनी कर्ज काढून नवी भट्टी बसवली, हवा स्वच्छ केली, आणि कार्बनच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढची रक्कम जराही घटली नाही. यात त्यांची काय चूक?

मघाशी म्हटलेली फट ती हीच. कार्बन व्यापार योजनेसाठी ठरवलेल्या क्षेत्रांत औष्णिक वीजकेंद्रं नाहीत. २०१२ च्या ऊर्जाबचत योजनेत ती होती; नव्या कार्बन लक्ष्यांच्या यादीत ती नाहीत. देशातला सर्वात मोठा धूर तिथून निघतो. वीज महागेल ही भीती समजू शकते; पण विजेतला कार्बन घटला नाही, तर फाउंड्रीवाल्यानं कितीही धडपड केली तरी त्याच्या मालाचा आकडा एका मर्यादेखाली उतरणार नाही. आज युरोप लोखंडाच्या मालासाठी भट्टीतला आणि कच्च्या मालातला कार्बन मोजतो, विजेतला मोजत नाही. पण मोठे वाहन उद्योग आपल्या पुरवठादारांकडून विजेचाही हिशेब मागतात. छोट्यानं घाम गाळायचा आणि मोठ्यानं यादीबाहेर राहायचं, असं नियमन टिकत नाही. न्यायाच्या दृष्टीनं टिकत नाही आणि हिशेबाच्या दृष्टीनंही टिकत नाही.

विजेचा नियम कामगाराच्या झोपेपर्यंत कसा पोचतो, तेही कोल्हापूरनं नुकतंच पाहिलं. वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त होती, म्हणून फाउंड्र्यांच्या भट्ट्या रात्री पेटत. २०२५ च्या दरनिश्चितीत राज्य वीज नियामक आयोगानं सवलतीची वेळ रात्रीवरून दिवसाकडं सरकवली, कारण दुपारी सौरऊर्जा मुबलक असते. कार्बनच्या दृष्टीनं हा बदल योग्यच आहे. दुपारच्या युनिटमागं कोळसा कमी जळतो. पण ज्याचं सगळं वेळापत्रक, कामगारांच्या पाळ्या, गिऱ्हाइकाच्या गाड्यांची वेळ रात्रीच्या भट्टीवर बांधलेली आहे, त्याला ते एका आदेशानं उलटं करता येत नाही. उद्योजकांनी ओरड केली ती म्हणूनच. दुपारच्या भट्टीचा एक मोठा फायदा मी आमच्या गल्लीतल्या मोल्डरच्या घरात पाहतो. रात्रपाळी सुटली तर तो माणूस आपल्या मुलांबरोबर जेवायला बसतो. चांगल्या नियमाला चांगली मुदत दिली असती, तर हा फायदा सगळ्यांना दिसला असता.

आता मोठ्या आक्षेपाकडं येतो: नियमनानं उद्योग पळून जातील, नोकऱ्या जातील. कोल्हापूरला ही भीती पुस्तकातून शिकावी लागत नाही. कागल ओलांडलं की निपाणी. वीजदर वाढले की "आम्ही कर्नाटकात जातो" हा इशारा इथल्या उद्योजकांनी अनेकदा दिला आहे. त्यात तथ्य आहे. शेजारच्या राज्यात नियम सैल आणि आपल्याकडं कडक, असं असेल तर धूर कमी होत नाही, फक्त हद्द ओलांडतो, आणि जाताना रोजगार घेऊन जातो. याचा अर्थ इतकाच की कार्बनचा नियम देशभर एकच हवा. नियमच नको, असा अर्थ त्यातून निघत नाही. युरोपातल्या बाजाराखाली आलेल्या कारखान्यांची तुलना तशाच, पण बाहेर राहिलेल्या कारखान्यांशी अर्थतज्ज्ञांनी केली, तेव्हा २००५ ते २०१२ या काळात उत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. विक्री किंवा रोजगार घटल्याचं दिसलं नाही. प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की त्या काळात तिथं बहुतेक परवाने फुकट वाटले होते आणि भाव कमी होता. किंमत चढत जाईल तशी झळ वाढेल. म्हणून मुदत, मदत आणि परतावा या तीन गोष्टी नियमाबरोबरच लिहून ठेवायला हव्यात. झळ बसल्यावर द्यायची ती भीक ठरते.

दुसरा आक्षेप इन्स्पेक्टर राजचा. अण्णांना नियमाची जेवढी धास्ती नाही तेवढी तपासणीची आहे. जुन्या पद्धतीत अधिकारी वर्षातून एखाद्या दिवशी येतो, नमुना घेतो, आणि त्या दिवसावर वर्षाचा निकाल लागतो. यात प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि सराईत माणूस निसटतो. याला पर्याय आहे आणि तो आपल्या शेजारी, सुरतेत सापडला. २०१९ पासून तिथं तीनशेच्या वर कारखान्यांत, त्यांतले बरेचसे कापड प्रक्रियेचे, धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रं बसवली गेली. त्यांतल्या निम्म्यांना एकूण धूलिकणांची मर्यादा घालून परवान्यांचा बाजार दिला, बाकीचे जुन्या नियमाखाली राहिले. बाजारातल्या कारखान्यांचं धूलिकण उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलं आणि तेवढंच प्रदूषण आवरण्याचा खर्चही जुन्या पद्धतीपेक्षा कमी आला. कार्बन वेगळा, धूळ वेगळी. पण धडा सरळ आहे. माप सतत आणि उघड असेल, तर तपासनिसाच्या मर्जीला जागा उरत नाही.

आता अण्णांचे दोन प्रश्न पुन्हा घेऊ. आकडा काढायचा कसा, आणि तो खरा धरणार कोण? याचं उत्तर कोल्हापुरात १९६३ पासून रोज सकाळ-संध्याकाळ दिलं जातं. जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, त्या वर्षी स्थापन झाला. एक म्हैस असलेली बाई कळशीभर दूध घेऊन गावच्या संस्थेत जाते. तिथं तिच्यासमोर फॅट निघते, आकडा तिच्या कार्डावर चढतो, त्या आकड्यावर दर ठरतो. तिचं दूध मुंबईला पोचतं, ते या विश्वासावर. प्रत्येक गवळणीनं स्वतः प्रयोगशाळा उभी करावी, अशी अट घातली असती तर जिल्ह्यात दुधाचा धंदा दहा-वीस बड्या गोठेवाल्यांचाच राहिला असता. आज कार्बनच्या बाबतीत आपण नेमकी हीच अट घालतो आहोत. मोठा कारखाना सल्लागार नेमतो, सॉफ्टवेअर घेतो, परदेशी संस्थेकडून शिक्का मारून आणतो. छोट्याला हा खर्च झेपत नाही. आणि ज्याच्याकडं स्वतःचा आकडा नसतो, त्याच्या माथी युरोपच्या नियमांत ठरावीक चढा आकडा मारला जातो. स्वच्छ भट्टी चालवूनही तो मळका ठरतो.

म्हणून पहिली मागणी मापाची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा प्रत्येक वसाहतीत सरकारी खर्चानं मोजमाप केंद्र हवं. ते चालवायला 'स्मॅक', 'गोशिमा' यांसारख्या उद्योजकांच्या संघटना आहेत, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, कळंबा रस्त्यावर आयटीआय आहे. तिथल्या पोरांना हे काम सहज शिकवता येईल आणि हा नव्या काळाचा पक्का रोजगार ठरेल. शिवाय एक साधी गोष्ट उद्यापासून करता येईल: महावितरणनं प्रत्येक बिलावर युनिटांशेजारी त्या विजेतल्या कार्बनचा आकडा छापावा. अण्णांच्या फॉर्मचा अर्धा भाग तिथंच भरून होईल.

दुसरी मागणी विजेची. औष्णिक केंद्रांना कार्बन लक्ष्याखाली आणावं, आणि छोट्यांना स्वच्छ वीज विकत घेण्याची वाट खरोखर मोकळी करावी. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेच्या खुल्या प्रवेशाची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळं कागदावर तरी छोटी फर्नेसही यात बसते. पण वरचे अधिभार आणि परवानग्यांची वाट अजून छोट्याला परवडत नाही. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने गळीत हंगामात उसाच्या बगॅसवर वीज करतात. उन्हाळ्यात ऊन आहे. हंगामात बगॅस आणि उन्हाळ्यात सौर, अशी जोड लावून दहा-वीस फाउंड्र्यांनी एकत्र वीज घेतली, तर उसाचं शिवार आणि लोखंडाची भट्टी एकमेकांना धरून उभी राहतील. सहकार या जिल्ह्याला नवा नाही.

तिसरी मागणी पैशाची. कार्बनमधून जो पैसा येईल त्याची वही वेगळी असावी आणि तो उद्योगाच्या सुधारणेलाच जावा. कोळशाच्या उपकराचं जे झालं ते पुन्हा होता कामा नये. २०२५ मध्ये केंद्रानं ऊर्जाबचतीच्या यंत्रांसाठी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के व्याजसवलतीची योजना आणली आणि तीत फाउंड्री आहे, ही चांगली सुरुवात आहे. तिचा फॉर्म मराठीत आणि बँकेच्या शाखेत मिळाला पाहिजे.

चौथी मागणी मुदतीची, आणि तिच्यासाठी आपल्याच नावाची उपमा आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यात नदी बाराही महिने अडवून धरत नाहीत. पावसाळ्यात बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, काढून ठेवतात, पूर वाहू देतात. पाऊस सरला की बरगे घालतात आणि उन्हाळ्यापुरतं पाणी साठवतात. कधी घालायचे, कधी काढायचे हे काठावरच्या सगळ्या गावांना आधीपासून ठाऊक असतं. उत्सर्जनाचा नियमही असाच हवा. दहा वर्षांत कोणत्या वर्षी लक्ष्य किती आवळणार, हे आजच जाहीर करावं. मग अण्णा पुढच्या भट्टीचं कर्ज कधी काढायचं ते ठरवू शकतील. रातोरात घातलेले बरगे गाव बुडवतात.

त्या रविवारी आम्ही दोघं फॉर्म घेऊन बसलो. अण्णांची हीटची, म्हणजे भट्टीच्या एकेका वितळणीची, वही काढली. प्रत्येक हीटला किती माल, किती युनिट, किती कास्टिंग नापास. नापास माल पुन्हा वितळवावा लागतो. समजा १०० टनांत ८ टन नापास झाले, तर ते पुन्हा वितळवायला ४८०० युनिट जातात. युनिटला ९ रुपये धरले तर ४३ हजारांच्या वर पैसे गेले आणि सोबत सव्वातीन टनांहून अधिक कार्बन. झाकण उघडं ठेवून साच्याची वाट बघत उभी राहिलेली भट्टी, गंजलेलं आणि वाळू चिकटलेलं भंगार, या सगळ्याचा हिशेब वहीत होताच, फक्त कुणी एका रकान्यात मांडला नव्हता. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जो कार्बन त्यांना नको हाय, त्यो माझ्याच खिशातनं जातोय की."

नंतर एकदा त्यांच्याकडं गेलो, तर भट्टीशेजारी काळा फळा टांगला होता. प्रत्येक हीटनंतर टनामागं लागलेले युनिट खडूनं लिहायचे. ओतकाम संपलं की मोल्डर घाम पुसत आधी त्या फळ्याकडं बघतात, आणि आकडा चढला असेल तर का चढला यावर त्यांच्यात बोलणं होतं. हे कुठल्या अधिकाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

राजाराम बंधाऱ्याची मोजपट्टी पूर थांबवत नाही. पण पाणी किती आलं हे सगळ्यांना एकाच वेळी, एकाच आकड्यात कळतं, म्हणून जनावरं वाचतात आणि माणसं वाचतात. अण्णांचा फळा त्यांच्या एका भट्टीपुरता आहे. तो वसाहतीच्या दाराशी, सरकारच्या जबाबदारीवर आणि सगळ्यांच्या विश्वासावर उभा राहावा, एवढंच या नियमनाकडून मागायचं आहे.